आवाजाचा हिशेब

थोड्या पैशांत मोठा आवाज कसा मिळवावा, हा प्रश्न आजकालच्या पोरांनी काढला असे पुष्कळांना वाटते. आमच्या दादरा-नगर हवेलीत तो फार जुना आहे, आणि वेळोवेळी त्याची उत्तरेही शोधली गेली आहेत. मी किलवणीला शिक्षकी केली. शाळा सुटल्यावर रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्याचा नाद होता. शिक्षकी संपली, नाद उरला. त्यामुळे सिल्वाशाच्या कारखान्यांत कामाला लागलेली माझीच जुनी मुले एखादी वापरलेली जीप किंवा छोटी मोटार घेतात आणि आठ दिवसांत माझ्या ओटीवर येऊन बसतात. "गुरुजी, गाडीत दोन सबवूफर बसवायचेत. तीन हजार वॅटचा अँप्लिफायर स्वस्तात मिळतोय. घेऊ का?"

या साध्या प्रश्नात पोराचा महिना-दोन महिन्यांचा पगार अडकलेला असतो, आणि बहुधा त्यातला निम्मा उसना असतो. म्हणून मी लगेच हो-नाही म्हणत नाही. त्याला चहा देतो आणि थोडा इतिहास सांगतो. तोच येथे लिहून काढतो आहे, कारण सीमाभागातल्या आपल्या घराघरांतून आता हाच प्रश्न विचारला जातो. कुठे मराठीत, कुठे गुजरातीत, एवढाच फरक.

सुरुवात तारप्यापासून करावी लागेल. वारली आणि कोकणा पाड्यांवर नवा भात घरात आला की रात्र-रात्र तारपा वाजतो आणि त्याच्याभोवती नाचाचा फेर धरला जातो. हे वाद्य बनते कशाचे? एक वाळवलेला दुध्या भोपळा, दोन बांबूच्या नळ्या, त्यांत बसवलेल्या पातळ पात्या आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. बाजारातून आणावे असे त्यात काही नाही. वाजवणारा भोपळ्यात फुंकर भरतो. श्वास घेतानाही फुंकर तुटू देत नाही. नळीतली पाती थरथरते. ती पाती एकटी हातात धरून वाजवली तर शेजारच्या खोलीत ऐकू जायची नाही. कर्णा जोडला की तोच आवाज शेताच्या पलीकडच्या पाड्यावर पोहोचतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कर्णा आवाजात स्वतःच्या पदरची काडीभरही शक्ती घालत नाही. माणसाच्या छातीत जेवढा दम आहे तेवढाच बाहेर येतो. अरुंद नळीतली हवा आणि बाहेरची मोकळी हवा यांचा मेळ बसत नसतो, म्हणून बरीचशी शक्ती नळीतच परतते. हळूहळू रुंद होत जाणारा कर्णा हा मेळ जमवून देतो. विजेच्या भाषेत याला जुळणी म्हणतात. ज्याच्याजवळ दम थोडा, त्याने जुळणी चांगली करावी, हा धडा आमच्या आदिवासी बांधवांनी भोपळ्यावर गिरवलेला आहे. पुढची सारी गोष्ट या एका धड्याची आहे.

विजेने आवाज वाढवण्याची कला त्यामानाने कालची. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली तीन टोकांची निर्वात नळी, म्हणजे ज्याला आपल्याकडे व्हॉल्व्ह म्हणत ती, तयार केली. लहान विद्युत्‌प्रवाहाने मोठ्या प्रवाहाला ताब्यात ठेवणे तिच्यामुळे शक्य झाले. बॅटरीतून शक्ती घ्यायची आणि तिला आवाजाचा आकार द्यायचा, हे अँप्लिफायरचे सारे काम. तो शक्ती निर्माण करत नाही. बॅटरीतली आणून देतो. १९१५ साली कॅलिफोर्नियात पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोत हजारोंच्या जमावाला ध्वनिवर्धकावरून संगीत ऐकवले. त्यांच्या यंत्रालाही पुढे कर्णाच होता. १९२५ साली राइस आणि केलॉग या दोघांनी कागदी शंकूचा, आत तारेचे वेटोळे असलेला स्पीकर सिद्ध केला. आज तुमच्या गाडीच्या डिकीत जो सबवूफर घुमतो तो याच शंकूचा थोराड नातू.

आपल्या देशात ध्वनिवर्धक खेडोपाडी पोहोचवला तो स्वातंत्र्यचळवळीने. मुंबईच्या मोटवानी यांच्या 'शिकागो रेडिओ' या कंपनीचे कर्णे १९३१ च्या कराची काँग्रेसपासून राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठांवर दिसू लागले. गांधीजींच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर हे नाव अजून वाचता येते. तेव्हा बहुतेक गावांत वीज नव्हती. यंत्र चालायचे ते बॅटरीवर, आणि बॅटरीतले वॅट मोजकेच असायचे. मग एवढा जमाव ऐकायचा कसा? उत्तर पुन्हा कर्ण्यात होते. उघड्या शंकूचा स्पीकर शंभर वॅट खाऊन जेमतेम एक-दोन वॅटचा आवाज बाहेर टाकतो. उरलेली सगळी उष्णता. कर्णा त्याच्या कितीतरी पट अधिक आवाज देतो. म्हणूनच प्रचाराच्या जीपवर, सिनेमाच्या जाहिरातीच्या टांग्यावर आणि लग्नाच्या मांडवावर पुढली कित्येक वर्षे भोंगेच राहिले. भोंगा कानाला कर्कश लागे, पण खिशाला परवडे.

मोटारीत गाणे शिरले ते १९३० च्या सुमारास. त्या वर्षी अमेरिकेत 'मोटोरोला' नावाचा मोटारीचा रेडिओ बाजारात आला. त्या वेळी अडचण अशी की गाडीची बॅटरी सहा व्होल्टची आणि व्हॉल्व्हला लागत दीडदोनशे व्होल्ट. म्हणून आत एक थरथरणारी पट्टी बसवत. ती बॅटरीचा प्रवाह सतत जोडी-तोडी, आणि ट्रान्सफॉर्मरमधून तो चढा करून घेतला जाई. आज गाडीच्या मोठ्या अँप्लिफायरचे झाकण उघडले तर आत हीच युक्ती सापडते. पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर आले, एवढेच. ट्रान्झिस्टर १९४७ चा. त्याने व्हॉल्व्हची धग आणि वजन घालवले. पण गाडीची बॅटरी लहानच राहिली, आणि मोठा आवाज मागणारे वाढले.

आता आमच्या हवेलीची गोष्ट. पेशवाईतल्या एका तहाचे देणे म्हणून १७८३ साली नगर हवेली पोर्तुगीजांच्या हाती गेली. ती सुटली १९५४ साली. सुधीर फडके यांचे नाव आपल्या घरात गाण्यांमुळे घेतले जाते. हवेलीत ते मुक्तिसंग्रामातले सैनिक म्हणूनही घेतले जाते. त्या वर्षी पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला आणि त्याचा निधी या कामी लागला. गाण्याच्या पैशातून मोहिमेची तयारी झाली. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. राजा वाकणकर, नाना काजरेकर, फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी मराठी मंडळी त्यात होती, गोव्याची होती, आणि येथील आदिवासी व गुजराती माणसेही होती.

या लढ्याच्या शेपटाला एक प्रकरण जोडलेले आहे, ते मात्र आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. पोर्तुगीज अंमलदार येथून गेले तेव्हा त्यांचे दोन बिनतारी संच मुक्तिसैनिकांच्या हाती लागले. गोवा अजून पारतंत्र्यात होता. तेथे वृत्तपत्रांवर बंधने, सभांवर बंदी. तेव्हा वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संचांतून एक प्रक्षेपक उभा केला. तो एका ट्रकवर चढवला आणि आंबोलीच्या रानात नेला. ही सावंतवाडीजवळची आंबोली; आपल्या हवेलीतही आंबोली आहे, तिच्याशी घोटाळा करू नये. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी तेथून 'स्वातंत्र्याचा आवाज' पोर्तुगीज आणि कोंकणी भाषांत बोलू लागला. पुढे तो कॅसल रॉकच्या बाजूला गेला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालू राहिला. पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली तेव्हा याच दोघांनी विमानाला ध्वनिवर्धक लावून गोव्याच्या आकाशातून ती बातमी दिली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, पद्मश्री मिळाली.

प्रक्षेपकाचा अखेरचा टप्पा म्हणजे अँप्लिफायरच असतो. त्याचा आवाज शंकूऐवजी हवेतल्या लहरींवर जातो, एवढाच फरक. तेव्हा गाडीवर चढवलेला, फुटक्या पैशात जमवलेला, हाती आलेल्या सामानातून बांधलेला अँप्लिफायर ही हवेलीला नवी वस्तू नव्हे. सिल्वाशातून निघालेले दोन संच जंगलातल्या ट्रकवर सहा वर्षे उपयोगी पडले. कोणाला ऐकवायचे, किती लांब आणि कशासाठी, हे ठरवून मग यंत्र बांधले होते, हे मला त्यात महत्त्वाचे वाटते.

एवढे सांगून झाल्यावर मी पोराच्या तीन हजार वॅटकडे वळतो. त्याला सांगतो, की खोक्यावरचा मोठा आकडा वाचूच नकोस. तो बहुधा क्षणभराच्या उसळीचा असतो, आणि कधी कधी छापणाऱ्याच्या मनाचा. आत पुस्तिकेत आरएमएस म्हणून जो आकडा असतो, म्हणजे यंत्र सतत देऊ शकेल अशी शक्ती, तो खरा. पुस्तिका नसेल तर यंत्राच्या पाठीवरचा फ्यूज पाहा. फ्यूज सहसा खोटे बोलत नाही. समजा तीस अँपिअरचा एक फ्यूज आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर सुमारे १३.८ व्होल्ट असतात. तीस गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट. एवढेच आत जाणार. जुन्या पद्धतीच्या 'एबी' वर्गाच्या यंत्रात त्यातले निम्मे-साठ टक्के आवाजात उतरतात, म्हणजे दोनशे-अडीचशे. बाकीच्यात यंत्र तापते. 'डी' वर्गाच्या यंत्रात ऐंशी टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सव्वातीनशे. तीन हजार कुठून येणार? विहिरीत नाही ते पोहऱ्यात कोठून?

टेपच्या मूळ यंत्राचेही तसेच. त्यावर 'पन्नास वॅट, चार बाजूंना' असे लिहिलेले असते. १४.४ व्होल्टवर चार ओहमचा स्पीकर चालवला तर साध्या जोडणीत जास्तीत जास्त साडेसहा वॅट मिळतात. स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट दाब देणाऱ्या 'ब्रिज' जोडणीत गणिताने सव्वीस, आणि स्वच्छ आवाज हवा तर अठरा-वीस. याच्या वर जायचे तर आत दाब चढवणारे यंत्र हवे, ती जुनी थरथरती पट्टी आठवा. म्हणून सबवूफरला वेगळा अँप्लिफायर लागतो. ही चैन नाही, पण हजारोंचीही गरज नाही.

दुसरी गोष्ट ओहमची. हीच आपली तारप्याची जुळणी. अँप्लिफायरवर लिहिलेले असते: चार ओहमवर इतके वॅट, दोन ओहमवर इतके. चार ओहमचे दोन सबवूफर शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडले की दोन ओहम होतात. एकामागे एक जोडले की आठ. ज्या यंत्रावर 'ब्रिजमध्ये कमीत कमी चार ओहम' असे लिहिले आहे त्याला दोन ओहम लावले तर ते पहिल्याच वरातीत दगावते. म्हणून आधी सबवूफर ठरवावा, त्याचे ओहम पाहावेत आणि त्याच ओहमवर सबवूफरच्या सतत शक्तीइतके, किंवा थोडे अधिक, देणारा एकाच वाहिनीचा 'मोनो' अँप्लिफायर निवडावा. अपुऱ्या यंत्राची चावी पुरी पिळली की आवाजाच्या लाटांचे माथे कापले जातात आणि सबवूफरचे वेटोळे जळते. बरीचशी वेटोळी मी याच कारणाने जळालेली पाहिली. अँप्लिफायरवरचा 'गेन' हा आवाज वाढवायचा कान नव्हे. टेपचे यंत्र आणि अँप्लिफायर यांची जुळणी करण्याचा तो खिळा आहे. ती एकदा लावली की त्याला हात लावू नये.

तिसरी गोष्ट, वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. तीन डेसिबल वाढतो, म्हणजे कान देऊन ऐकले तर कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. याउलट त्याच वॅटवर तीन डेसिबल जास्त देणारा सबवूफर निवडला तर निम्म्या अँप्लिफायरचे पैसे वाचले. ही संवेदनशीलता खोक्यावर लहान अक्षरांत असते, तीच वाचावी. आणि पेटी! अठरा मिलिमीटरच्या प्लायवुडची, सांधे घट्ट बसवलेली, सबवूफरला सांगितलेल्या मापाची पेटी गावचा सुतार चांगली करून देतो. हवेला वाट ठेवलेली पेटी ठरावीक खर्जाला बळ देते. बंद पेटी लहान जागेत मावते आणि ढोलाचा ठोका स्वच्छ देते. अँप्लिफायरच्या पैशांतून थोडे काढून पेटीत घाला, हा माझा नेहमीचा आग्रह. शंभरातले चाळीस अँप्लिफायरला, तीस सबवूफरला, वीस पेटीला आणि दहा तारेला, असा माझा ठोकताळा आहे.

तारेचे दहा ऐकून पोरे हसतात. पण बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार जाते. चार चौरस मिलिमीटरच्या तारेतून तीस अँपिअर नेले तर वाटेतच अर्ध्या व्होल्टहून जास्त गळते; सोळाच्या तारेत ती गळती चौथ्या हिश्शावर येते. तार तांब्याचीच हवी. ब्लेडने खरवडून पाहावी. आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची. आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर एक मोठा फ्यूज हवाच. तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर तो एक फ्यूज गाडी आणि माणसे वाचवतो. यात काटकसर करू नये. शेवटी बॅटरी आणि अल्टरनेटर. लहान मोटारीचा अल्टरनेटर साठ-सत्तर अँपिअरचा असतो. रात्री दिवे, पंखा आणि इंजिन यांचे देऊन झाल्यावर पंचवीस-तीस उरतात. तेवढ्यात चालेल एवढेच यंत्र गाडीला पेलते. तीनशे-चारशे खरे वॅट, चांगली पेटी आणि जाड तार यांवर लहान गाडीच्या काचा थरथरतात. याहून जास्त कशाला हवे?

हा 'कशाला' मी मुद्दाम विचारतो. तारप्याच्या फेराला एक माप होते. तो आवाज पलीकडच्या पाड्याला बोलावत असे. आलेल्या माणसाला बोलणे अशक्य करत नसे. आज आमच्याकडे लग्नात बेंजोच्या टेंपोवर आणि महाराष्ट्रात मिरवणुकीत स्पीकरच्या ज्या भिंती उभ्या राहतात, तेथे नाचणाऱ्याला शेजाऱ्याचे नाव घेऊन हाक मारता येत नाही. कानाचाही हिशेब आहे. पंच्याऐंशी डेसिबल आठ तास सोसवतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. कापडाच्या नाहीतर धाग्याच्या कारखान्यात आठ तास खडखडाट ऐकून आलेल्या पोराच्या कानाची उधारी आधीच वाढलेली असते. वरून बंद गाडीत तो आणखी ऐकतो. गेलेला कान परत येत नाही. अँप्लिफायर दुसरा मिळतो.

कायदाही आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला आळा घातला, वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घातली. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बोलण्याचे स्वातंत्र्य म्हणजे न ऐकू इच्छिणाऱ्याच्या कानात आवाज ओतण्याचा हक्क नव्हे. कायद्याच्या भीतीने मात्र पोरे ऐकत नाहीत. त्यांना मी आंबोलीच्या ट्रकची गोष्ट सांगतो, ती ते ऐकतात. जंगलात लपलेल्या त्या यंत्राला गरजेपेक्षा मोठे होण्याची चैन नव्हती, आणि तरी त्याचे म्हणणे सीमेपलीकडे पोहोचत होते.

माझ्याकडे येणारी मुले गाणे सोडणार नाहीत आणि त्यांनी ते सोडूही नये. त्यांच्या बापाने भोपळा वाळत घातला, त्यांनी डिकीत पेटी बसवली. हौस एकच आहे. हौसेला कर्ज लागू नये आणि तिने कोणाचे कान घेऊ नयेत, एवढीच माझी धडपड. तेव्हा या दिवाळीत कोणाच्या घरात गाडीसाठी अँप्लिफायर घ्यायचे घाटत असेल, तर दुकानात जाण्याआधी बॉनेट उघडून अल्टरनेटरवरचा आकडा वाचावा, तो कागदावर लिहून खिशात ठेवावा आणि दुकानदाराने खोका पुढे केला की खोका उलटून आधी फ्यूज पाहावा.